रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे: कोणता आकडा, कोणत्या टोकापासून?

विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो स्टार्टर बंद पडला, घरातला एलईडी बल्ब लुकलुकू लागला किंवा फवारणी पंपाचा चार्जर एकाएकी थंड पडला, की खानदेशातल्या गावागावांत आजकाल ती वस्तू फेकून देण्याआधी उघडून पाहिली जाते. आयटीआयला जाणारा एखादा मुलगा घरात असतोच, नाही तर गल्लीत तरी असतो. उघडल्यावर आत एका बोर्डावर जेमतेम 6 मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना तारा असलेल्या आणि अंगावर रंगीत पट्टे असलेल्या नळ्या दिसतात, आणि त्यांतली एखादी काळवंडलेली असते. तिच्या जागी नवी कोणती बसवायची, हे त्या पट्ट्यांवरच लिहिलेले आहे. मात्र ते ज्या लिपीत लिहिले आहे ती लिपी शाळेत एकदा घोकलेली आणि परीक्षेनंतर विसरलेली असते. ती मुळात फारशी अवघड नाही. अडचण येते ती दोन-तीन ठरावीक ठिकाणी, आणि हा लेख मुख्यत्वे त्या ठिकाणांविषयी आहे.

रेझिस्टर करतो काय?

या नळीचे नाव रेझिस्टर, आणि दुकानात तिला सर्रास ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. तिचे काम विजेच्या प्रवाहाला ठरावीक प्रमाणात अडवणे हे आहे. केळीच्या बागेतले ठिबक डोळ्यांसमोर आणले तर हे चटकन लक्षात येईल. नळीत पाण्याचा दाब असतो, पण झाडाच्या बुंध्याशी तासाला 4 लिटरच पाणी पडावे म्हणून तेथे बारीक वाटेचा ड्रिपर बसवलेला असतो. ड्रिपर बदलला की दाब तोच राहूनही पाणी कमी-जास्त पडते. येथे दाबाच्या जागी व्होल्टेज आहे, पाण्याच्या धारेच्या जागी प्रवाह आहे आणि ड्रिपरच्या जागी रेझिस्टर आहे. या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी 1827 मध्ये प्रसिद्ध केलेला नियम असा की व्होल्टेजला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. एका व्होल्टला एक ओहमचा रोध असेल तर एक अँपिअर प्रवाह वाहतो. बोर्डावरच्या एलईडीला, ट्रान्झिस्टरला किंवा चिपला सोसेल तेवढाच प्रवाह द्यायचा असतो, आणि ती मर्यादा घालण्यासाठी तेथे नेमक्या मापाचा रेझिस्टर लागतो.

सरळ आकडा का छापत नाहीत?

ही शंका रास्त आहे, कारण मोठ्या, सिरॅमिकच्या चौकोनी रेझिस्टरवर आकडा सरळ छापलेलाच असतो. लहान गोल नळीचे मात्र तसे नसते. ती बोर्डावर बसवताना कोणत्या बाजूने वळेल याचा नेम नसतो, आणि आकडा एकाच बाजूला छापला तर निम्म्या वेळा तो बोर्डाकडे तोंड करून बसेल. शिवाय इतक्या लहान जागेत छापलेला आकडा पुसट झाला की 3 आणि 8 यांत फरक कळत नाही. नळीभोवती पूर्ण फिरणारा पट्टा कोणत्याही बाजूने दिसतो आणि त्याचा एखादा भाग खरवडला गेला तरी उरलेल्या भागावरून रंग ओळखता येतो.

ही पद्धत रेडिओच्या काळातली आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ उत्पादकांच्या संघटनेने सुट्या भागांवर रंगांनी मूल्य दाखवण्याची सुरुवात केली. आरंभी रेझिस्टरच्या अंगाचा रंग हा पहिला अंक, टोकाचा रंग हा दुसरा अंक आणि मधला ठिपका म्हणजे पुढची शून्ये, अशी व्यवस्था होती. ठिपका खालच्या बाजूला गेला की वाचणाऱ्याची पंचाईत होई. पुढे सर्व रंग पट्ट्यांच्या रूपात आले, आणि 1952 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने या संकेताचे मानक प्रसिद्ध केले. आजही त्याचीच सुधारित आवृत्ती जगभर चालते, म्हणून चीनमध्ये बनलेल्या बल्बातला आणि पुण्यात बनलेल्या स्टार्टरमधला रेझिस्टर एकाच रीतीने वाचता येतो.

दहा रंग, दहा अंक

काळा म्हणजे 0, तपकिरी 1, लाल 2, नारिंगी 3, पिवळा 4, हिरवा 5, निळा 6, जांभळा 7, राखाडी 8 आणि पांढरा 9. पाठांतरासाठी आयटीआयमध्ये बी. बी. रॉय नावाच्या गृहस्थांचे आणि त्यांच्या पत्नीचे, रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवर बेतलेले एक इंग्रजी वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माझ्या मते ते मराठी मुलांसाठी उगाच वळसा घालणारे आहे, कारण त्यात काळा, तपकिरी आणि निळा हे तिन्ही रंग ‘बी’ याच अक्षराने सुरू होतात आणि ऐन वेळी घोटाळा होतो. आपल्याला प्राथमिक शाळेपासून इंद्रधनुष्याचे ‘तानापिहिनिपाजा’ पाठ असते. त्यातला ‘पा’, म्हणजे पारवा, तेवढा गाळावा. उरलेले तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा हे क्रमाने 2 ते 7 होतात. त्याआधी अंधाराकडचे दोन, काळा आणि तपकिरी, म्हणजे 0 आणि 1. त्यानंतर उजेडाकडचे दोन, राखाडी आणि पांढरा, म्हणजे 8 आणि 9. सोनेरी आणि रुपेरी हे आणखी दोन रंग आहेत, पण ते अंक नाहीत. त्यांचे काम वेगळे आहे.

आता प्रत्यक्ष एक रेझिस्टर घेऊ. फिकट बदामी अंगावर पिवळा, जांभळा, लाल आणि थोडा दूर सोनेरी असे चार पट्टे आहेत. पहिले दोन पट्टे म्हणजे अंक: 4 आणि 7. तिसरा पट्टा त्यापुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो. लाल म्हणजे दोन. म्हणून 4,700 ओहम. हजाराला ‘के’ म्हणतात, तेव्हा हा 4.7 के झाला. दशांशचिन्ह छपाईत किंवा झेरॉक्समध्ये हरवते म्हणून त्याच्याच जागी ‘के’ लिहिण्याची रीत आहे, आणि त्यामुळे सर्किटच्या नकाशात 4के7 असे लिहिलेले आढळते आणि दुकानदार ‘फोर के सेव्हन’ म्हणतो. चौथा, सोनेरी पट्टा टॉलरन्स सांगतो. छापील मूल्यापेक्षा खरे मूल्य किती टक्के कमी-जास्त असू शकते, ती सूट म्हणजे टॉलरन्स. सोनेरी म्हणजे 5 टक्के, रुपेरी म्हणजे 10 टक्के, आणि चौथा पट्टाच नसेल तर 20 टक्के. तेव्हा आपला हा रेझिस्टर 4,465 ते 4,935 ओहमच्या दरम्यान कोठेही असला तरी तो चांगलाच समजायचा.

तिसरा पट्टा काळा असेल तर एकही शून्य द्यायचे नाही. मूल्य 10 ओहमपेक्षा कमी असेल तर तिसऱ्या जागी सोनेरी पट्टा येतो आणि तेथे त्याचा अर्थ ‘दहाने भागा’ असा होतो. रुपेरी असेल तर शंभराने. पिवळा, जांभळा, सोनेरी, सोनेरी म्हणजे 4.7 ओहम. एकच सोनेरी रंग दोन जागी दोन अर्थांनी येतो, हे नवख्या माणसाला खटकते; पण जागा ठरलेली असल्यामुळे त्यात संदिग्धता नाही.

पाच पट्टे कशासाठी?

अलीकडच्या बोर्डांवर निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे रेझिस्टर अधिक दिसतात. हे बहुधा मेटल फिल्म (धातूच्या पातळ थराच्या) प्रकारचे आणि 1 टक्का टॉलरन्सचे असतात. खरे मूल्य इतक्या नेमकेपणाने सांभाळले असेल तर दोन अंकांत ते लिहिणे अपुरे पडते, म्हणून येथे पहिले तीन पट्टे अंकांचे, चौथा शून्यांचा आणि पाचवा टॉलरन्सचा असतो. तपकिरी म्हणजे 1 टक्का, लाल म्हणजे 2 टक्के, हिरवा म्हणजे अर्धा टक्का. तोच 4.7 के आता पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी असा दिसेल: 470 आणि त्यापुढे एक शून्य.

क्वचित सहावा पट्टाही असतो. तो तापमानाबरोबर मूल्य किती सरकते ते सांगतो. त्या जागी तपकिरी असेल तर प्रत्येक अंश सेल्सिअसला दहा लाखांत 100 भाग, लाल असेल तर 50 भाग. भुसावळच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तापमान 25 वरून 65 अंशांवर गेले असे धरले, तरी तपकिरी सहाव्या पट्ट्याच्या रेझिस्टरचे मूल्य 0.4 टक्केच बदलते. स्टार्टरला त्याने काही फरक पडत नाही. उन्हाळ्याचा खरा मार दुसरीकडे बसतो, तो पुढे येईल.

सुरुवात कोणत्या टोकापासून?

चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये हा प्रश्न सोपा आहे. सोनेरी किंवा रुपेरी पट्टा कधीही पहिला नसतो, म्हणून तो उजव्या हाताला ठेवावा आणि डावीकडून वाचावे. तीनच पट्टे असतील, तर ज्या टोकाजवळ पट्टे सरकलेले असतात तेथून सुरुवात करावी.

पाच पट्ट्यांच्या बाबतीत नियम असा सांगतात की टॉलरन्सचा पट्टा इतरांपासून जरा दूर किंवा जरा रुंद असतो. व्यवहारात हे अंतर पुष्कळदा इतके नगण्य असते की भिंग लावूनही ठरत नाही. समजा तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी असे पट्टे आहेत. डावीकडून वाचले तर 100 आणि पुढे दोन शून्ये, म्हणजे 10,000 ओहम, 1 टक्का. उजवीकडून वाचले तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी: 120 आणि पुढे काहीच नाही, म्हणजे 120 ओहम, 1 टक्का. दोन्ही मूल्ये बाजारात मिळतात, दोन्हींचा टॉलरन्स योग्य आहे आणि दोन्हींत 80 पटींहून अधिक अंतर आहे. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये, रोध मोजणारा मल्टिमीटरच लावावा. सुदैवाने बहुतेक वेळा उलटे वाचन आपोआप उघडे पडते. वरचा पाच पट्ट्यांचा 4.7 के उलटा वाचला तर 110 पुढे सात शून्ये, म्हणजे 110 कोटी ओहम असे काही तरी येते, आणि गावातल्या कोणत्याही उपकरणात एवढा रोध कोणी घालत नाही.

47 आणि 68 असे आडनिडे आकडे का?

दुकानात 50 ओहमचा रेझिस्टर मागितला तर बहुधा 47 किंवा 51 चा हातावर ठेवला जातो, आणि गिऱ्हाइकाला वाटते की माल संपला म्हणून दुसरेच काही दिले. वस्तुतः हे आकडे हिशेबाने निवडलेले आहेत. 10 टक्के टॉलरन्सच्या रेझिस्टरसाठी मूल्ये बाराच आहेत: 10, 12, 15, 18, 22, 27, 33, 39, 47, 56, 68, 82. पुढे तीच दहापट, शंभरपट होत जातात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे 1.21 पट आहे, आणि अशा बारा पायऱ्या चढल्या की बरोबर दहापट होते.

यातली सोय अशी: 39 चा रेझिस्टर 10 टक्के फरकाने 35.1 ते 42.9 पर्यंत कोठेही असू शकतो, आणि 47 चा 42.3 ते 51.7 पर्यंत. म्हणजे एकाची हद्द जेथे संपते तेथे दुसऱ्याची सुरू झालेलीच असते. मध्ये 43 चा वेगळा रेझिस्टर बनवून काही उपयोग नाही, कारण ज्याला 39 किंवा 47 म्हणून विकले त्यांतच तो येऊन गेला. 5 टक्क्यांसाठी या बारांच्या मध्ये आणखी बारा मूल्ये घातली आहेत, त्यांतलेच एक 51. 1 टक्क्यासाठी 96 मूल्ये आहेत, आणि तीन अंक लागतात ते त्यांच्यासाठीच.

रंग वाचणाऱ्याला या यादीचा जो फायदा होतो, तो फारसा कोणी सांगत नाही. ही बारा मूल्ये पाठ असतील तर चुकीचे वाचन जागच्या जागी पकडता येते. पट्टे वाचून 37 आले, तर असा आकडा या यादीतच नाही. जांभळा दिसतो तो पट्टा बहुधा पांढरा असून मळलेला आहे आणि खरे मूल्य 39 आहे. 42 आले, तर लाल दिसतो तो जांभळा असण्याची शक्यता जास्त. पहिल्या दोन पट्ट्यांना हा ताळा लावता येतो. तिसऱ्या पट्ट्याला मात्र लावता येत नाही, आणि तेथेच मोठे नुकसान होते, कारण तेथे एक रंग चुकला तर मूल्य दहापटीने चुकते.

फवारणी पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी दिवा लावायचा आहे असे समजू. एलईडीवर सुमारे 3 व्होल्ट खर्ची पडतात, 9 व्होल्ट उरतात, आणि 20 मिलीअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर, प्रवाह हवा असेल तर 9 भागिले 0.02, म्हणजे 450 ओहम. यादीतले जवळचे मूल्य 470: पिवळा, जांभळा, तपकिरी. घाईत तपकिरीऐवजी लाल पट्ट्याचा उचलला, तर 4,700 ओहम झाले आणि दिवा 2 मिलीअँपिअरहून कमी प्रवाहावर मिणमिणेल. काळ्या पट्ट्याचा उचलला, तर 47 ओहम झाले, प्रवाह 190 मिलीअँपिअरच्या घरात जाईल आणि एलईडी क्षणात निकामी होईल.

मल्टिमीटर असताना रंग कशाला पाहायचे?

पाचशेच्या आत बरा मल्टिमीटर मिळतो, तेव्हा हा आक्षेप येणारच. सुटा, हातातला रेझिस्टर तपासायला मल्टिमीटरच उत्तम, यात वाद नाही. पण बोर्डावर बसलेल्या रेझिस्टरला दोन्ही टोकांनी मीटर लावला तर मीटरचा प्रवाह आजूबाजूच्या इतर भागांतूनही वाट काढतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. 10 के च्या रेझिस्टरवर 3 के दिसले म्हणून तो खराब ठरवून काढणारे पुष्कळ आहेत. खात्री हवी असेल तर त्याचे एक टोक सोल्डर वितळवून मोकळे करावे लागते. उलट मीटर छापील मूल्यापेक्षा बरेच अधिक दाखवत असेल आणि तो आकडा स्थिर असेल, तर शेजारच्या वाटा धरूनही रोध वाढलेला आहे, म्हणजे रेझिस्टर गेलेला आहे, असे बोर्डावरच समजता येते. अर्थात ‘छापील मूल्य’ कळण्यासाठी पट्टे वाचावेच लागतात. मोठे मूल्य मोजताना दोन्ही तारा चिमटीत धरल्या तर आपल्या शरीराचा रोधही मोजणीत मिसळतो, हेही ध्यानात ठेवावे.

मीटर लावण्याआधी पुरवठा बंद करावाच, पण तेवढ्याने भागत नाही. स्वस्त एलईडी बल्बात 230 व्होल्टची वीज थेट बोर्डावर आलेली असते आणि वीज साठवणारा कपॅसिटर बल्ब काढल्यानंतरही काही काळ भरलेला राहू शकतो.

पट्टे जे सांगत नाहीत

पट्ट्यांवरून रोध कळतो आणि टॉलरन्स कळतो. रेझिस्टर किती उष्णता सोसेल ते कळत नाही. ती मर्यादा वॅटमध्ये सांगतात आणि ती मुख्यतः आकारावरून ओळखावी लागते. साधारण 6 मिलिमीटर लांबीचा पाव वॅटचा, 9 मिलिमीटरच्या आसपासचा अर्ध्या वॅटचा, त्याहून जाड तो एक किंवा दोन वॅटचा. तपकिरी, काळा, पिवळा, सोनेरी हे पट्टे या सर्वांवर अगदी सारखे असतात, कारण रोध सगळ्यांचा 1,00,000 ओहमच आहे. आता हा रेझिस्टर 230 व्होल्टच्या दोन तारांमध्ये बसवायचा असेल तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे सुमारे 0.53 वॅट उष्णता त्यात निर्माण होणार. अर्ध्या वॅटचाही येथे पुरत नाही. एक वॅटचा हवा. ‘पट्टे जुळवून बसवला तरी आठवड्यात जळाला’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आणि येथेच आपला उन्हाळा आडवा येतो. सर्वसाधारण रेझिस्टरची छापील क्षमता भोवतालचे तापमान 70 अंशांपर्यंत असेल तरच पूर्ण धरायची असते. त्यापुढे ती उतरत जाते. बाहेर 45 अंश, बंद पेटी उन्हात, त्यात कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलची आणि शेजारच्या रेझिस्टरांची स्वतःची उष्णता, असा हिशेब केला तर 70 ही मर्यादा दूर राहत नाही. म्हणून हिशेबाने जेवढे वॅट येतील त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर घ्यावा आणि तो बोर्डाला चिकटवून न बसवता थोडा उचलून बसवावा.

दिसण्यावरून फसवणाऱ्या आणखी दोन वस्तू आहेत. मधोमध एकच काळा पट्टा असलेली नळी म्हणजे शून्य ओहम. ती केवळ जोडतार आहे, यंत्राने बसवता यावी म्हणून रेझिस्टरच्या रूपात बनवलेली. आणि हिरवट, मध्ये जरा फुगीर नळी रेझिस्टर नसून कॉइल असू शकते. तिच्यावरचे रंगही याच क्रमाने वाचतात, पण आकडा ओहमचा नसून मायक्रोहेन्री या कॉइलच्या एककाचा असतो.

पट्टेच जळाले असतील तर?

उष्णतेने लाल पट्टा तपकिरी होतो, नारिंगी लालसर होतो आणि पिवळा मातकट दिसू लागतो. हे बदल अर्धवट झालेले असतील तर फार फसवतात. थ्री फेज स्टार्टरच्या बोर्डावर एक सोय असते: आर, वाय आणि बी या तीन फेजसाठी पुष्कळदा तेच सर्किट तीनदा मांडलेले असते, तेव्हा जळालेल्याच्या जागी काय होते ते शेजारच्या दोघांवरून वाचता येते. रेझिस्टर सहसा आपण होऊन जळत नाही. त्याच्या पुढचा एखादा ट्रान्झिस्टर, डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाल्यामुळे त्यातून जास्त प्रवाह जातो. ते न तपासता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

रंग नीट ओळखू येत नसतील तर?

लाल-हिरव्या रंगांत फरक न कळण्याचा दोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच अधिक असतो, आणि ज्यांना तो नाही त्यांनाही पिवळ्या दिव्याखाली लाल, नारिंगी आणि तपकिरी हे रंग चकवतात. निळ्या अंगावर तर जांभळा आणि राखाडीही बुचकळ्यात टाकतात. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. मोबाइलवर फोटो काढून मोठा करता येतो, पण कॅमेरा आपल्या मर्जीने रंगांची छटा बदलतो, म्हणून आकार मोठा करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

नव्या बोर्डांवर हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आहे, कारण तेथे तारांच्या नळ्यांऐवजी बोर्डाला चिकटून बसणारे चपटे, काळे, चौकोनी रेझिस्टर आले आहेत. त्यांचा माथा सपाट आणि नेहमी वर असतो, म्हणून त्यावर आकडा छापता येतो. रीत मात्र तीच आहे: 103 म्हणजे 10 पुढे तीन शून्ये, 472 म्हणजे 4,700, चार अंकी 4701 म्हणजे 470 पुढे एक शून्य, आणि 4आर7 म्हणजे 4.7 ओहम. 1 टक्क्याच्या अगदी लहान रेझिस्टरवर 01सी असा दोन अंकांचा आणि एका अक्षराचा संकेत असतो. त्यात 01 म्हणजे 100 आणि सी म्हणजे शंभरपट, असे मिळून 10,000 ओहम होतात. पण 01 ते 96 या प्रत्येक संकेताचा अर्थ वेगळा असल्यामुळे त्यासाठी छापील तक्ता जवळ ठेवावा लागतो.